सरांना काय म्हणून भेटू?

"मॅडम, सरांना दोन मेल केले. उत्तरच नाही. मी टॉपर नाही म्हणूनच ना?"

बीबीएच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. (ओळख लपावी म्हणून तपशील बदललेत.) बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात समुपदेशन करताना ही काळजी दर सत्रात कुणीतरी घेऊन येतंच. मार्क बेताचे, इंग्रजी कच्चं, मग संशोधन करायचंय म्हटलं तर प्राध्यापक आपल्याला दारात तरी उभं करतील का?

मार्कांचं आधी मिटवलं. चार वर्षांच्या पदवीत 'संशोधनासह ऑनर्स' घ्यायचं तर पहिल्या ६ सत्रांत ७५ टक्के लागतात, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात आहे. तिला ६८ होते, आणि तिथेच तिने हाय खाल्ली होती. पण ती अट चौथ्या वर्षाची. दुसऱ्या वर्षात एखाद्या शिक्षकाच्या हाताखाली छोटं काम करायला कुठलीच टक्केवारी आड येत नाही.

मग म्हटलं, मेल दाखव. 'आदरणीय सर, मला संशोधनात रस आहे. कृपया मार्गदर्शन करावे.' बस्स. याला सरांनी काय उत्तर द्यायचं? सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, वर पेपर तपासणी आणि समित्या. असा मेल वाचून माणूस 'बघू नंतर' म्हणतो आणि तो खाली जातो. त्यात तिचा अपमान नव्हता. पण गेले तीन आठवडे ती त्या व्हरांड्यातून जाणंच टाळत होती, हे ऐकून मला वाईट वाटलं.

"विषय काय घेणार होतीस?"

"ग्राहक समाधान. गूगल फॉर्म करून शंभर मैत्रिणींना पाठवणार होते."

"घरी काय करतात?"

पंढरपूर तालुक्यातल्या गावात वडिलांचं किराणा दुकान. काउंटरवर क्यूआर कोड लागल्यापासून उधारी कमी झाली का, असं मी सहज विचारलं. ती पहिल्यांदा ताठ बसली. "नाही मॅडम! दूध, बिस्किटांचे पैसे फोनवरून देतात. महिन्याचा बाजार अजून वहीतच. कारखान्याचं ऊसबिल आलं की मग खातं मिटतं."

हा प्रश्न तिच्या घरातच पडून होता, आणि शोधत होती ती गूगल फॉर्ममध्ये.

दिवाळीत ती वडिलांना विचारून उधारीच्या वहीच्या १२ पानांचे फोटो घेऊन आली. लाल पुठ्ठा, तेलाचे डाग, 'शंकर आप्पा – साखर ५, तेल २'. मी एवढंच सांगितलं: एका कागदावर तुला काय दिसलं ते चार ओळींत लिही, खाली एकच प्रश्न, आणि पंधरा मिनिटं माग. मार्गदर्शन हा शब्दच नको.

सरांनी तिसऱ्या दिवशी बोलावलं. कौतुक केलं नाही. आधी विचारलं, "गिऱ्हाइकांची नावं का दिसतायत? झाक." मग म्हणाले, एका दुकानावरून गावाचं सांगता येत नाही, आणखी चार दुकानं बघ, आणि यूपीआय २०१६ला आलं, तर त्याआधीची वही आहे का? ती माझ्याकडे आली ती रडवेली. "सरांना आवडलं नाही." मी तिला कागद उलटा करायला लावला. मागे सरांच्या अक्षरात तीन प्रश्न होते आणि पुढची तारीख. ज्याला काम नकोसं असतं, तो माणूस तारीख देत नाही.

पुढे ती सरांना दर पंधरा दिवसांनी भेटत राहिली. 'आविष्कार' ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. तिथे पोस्टर लावलं, महाविद्यालयाच्या फेरीपुढे गेलं नाही. दोन दिवस ती गप्प होती, मग पाचव्या दुकानदाराचा फोन नंबर मिळवायच्या मागे लागली.

परवा तिने नव्या वहीचा फोटो पाठवला. वडिलांनी पट्टी घेऊन पानावर दोन रकाने आखलेत: 'रोख' आणि 'फोन'. खाली निरोप, "बाबा विचारतायत, सरांना एवढं पुरेल का?"