पट एकापेक्षा लहान असते का?

एका आईने विचारले आहे: मुलगी सातवीत, सेमी-इंग्रजीत शिकते. आकृतीचा 'स्केल फॅक्टर 0.75' असे गणित आले, तेव्हा आईने सांगितले, 'स्केल फॅक्टर म्हणजे किती पट ते.' मुलगी म्हणाली, 'पट म्हणजे मोठे होणे. इथे तर आकृती लहान झाली!' मग मराठीत नेमके काय म्हणावे? जाता जाता त्यांनी हेही विचारले आहे की 'तीन पटीने मोठे' म्हणजे तिप्पट की चौपट?

मुलीने फार चांगली शंका काढली आहे. आपल्या रोजच्या बोलण्यात पट बहुतेक वेळा वाढीबरोबरच येते. भाडे दुप्पट झाले, भाव तिपटीवर गेले. त्यामुळे पट म्हणजे वाढ असे मनात बसते. पण मराठीने पटीला एकाशी थांबवलेले नाही. सव्वापट आणि दीडपट जशी आहे तशीच पाऊणपट आहे, निमपटही आहे. 0.75 म्हणजे पाऊणपट. 12 सेंटिमीटरची बाजू पाऊणपट केली की 9 सेंटिमीटर होते. 'स्केल फॅक्टर' या शब्दात जे सांगायचे आहे ते सगळे या एका शब्दात आले.

पूर्वी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेत. पाउणकीत चाराला तीन, आठाला सहा, बाराला नऊ. औटकी साडेतीनची. 'औटघटकेचे राज्य' यातला औट तो हाच. ही सगळी यादी मला स्केल फॅक्टरचीच वाटते: एकाहून लहान तिन्ही आधी, मोठे नंतर, आणि प्रत्येकाला स्वतःचे नाव. पाऊण हा शब्दही पाहा, तो 'पादोन'वरून आला, म्हणजे पावाने उणे. मुलीला कागदावर पाउणकीच्या चार ओळी लिहून द्या, तिची शंका तिथेच फिटेल.

पट या शब्दाचे दोन अर्थ आहेत, त्यांचा गोंधळ लिंगावरून सुटतो. बुद्धिबळाचा पट पुल्लिंगी, म्हणून आपण 'पटावर' म्हणतो. ही पट स्त्रीलिंगी, म्हणून 'पटीत', 'पटीने'.

आता पारिभाषिक शब्द. फॅक्टर दिसला की मुले 'अवयव' लिहितात, कारण 12 चे अवयव काढताना तोच शब्द असतो. इथे तो चालणार नाही. इथला फॅक्टर म्हणजे ज्याने गुणायचे तो, अर्थात गुणक. नुसते 'प्रमाण' मला पुरेसे वाटत नाही, कारण त्या शब्दावर आधीच दोन कामे आहेत. गणितात दोन गुणोत्तरे समान असली की त्यांतल्या संख्या प्रमाणात आहेत असे म्हणतात. भूगोलात प्रमाण म्हणजे नकाशाचे, उदाहरणार्थ 1:50,000. तिथे नकाशावरचे 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. म्हणून लिहिताना मी 'प्रमाणगुणक' पसंत करेन आणि बोलताना सरळ 'किती पट?' असे विचारेन.

मात्र 'किती पट?'च्या आधी 'कशाच्या?' हे यायलाच हवे. बहुतेक चुका इथेच होतात. 'नवी आकृती मूळ आकृतीच्या पाऊणपट' यातला 'च्या' कधी गाळू नये. आता उलट जायचे असेल तर? पाव कमी केले होते, तर पाव वाढवू, असे म्हणून मुले सव्वापट करतात. 9 ची सव्वापट सव्वाअकरा होते, 12 नाही. परत 12 वर यायला 9 ला चार तृतीयांशाने गुणावे लागते. कमी केलेला पाव बाराचा होता, वाढवलेला पाव नवाचा. हे मुलीकडून एकदा हाताने करून घ्याच.

'तीन पटीने मोठे'चे उत्तर: बहुतेक लोक तिप्पट याच अर्थाने म्हणतात, पण शब्द पाहिले तर तीन पटींची भर पडून चौपट, असाही अर्थ निघतो. गणितात अशी संदिग्धता नको. 'तिप्पट आहे' किंवा 'तिप्पट झाले' म्हणावे, प्रश्नच उरत नाही. 'तीन पटीने कमी' तर मी लिहूच नका म्हणेन. त्यापेक्षा 'एक तृतीयांश झाले' किती स्वच्छ आहे.

आणखी एक, विचारलेले नसले तरी. प्रमाणगुणक बाजूंना लागतो, क्षेत्रफळाला त्याचा वर्ग लागतो. 4 बाय 6 इंचांचा फोटो 8 बाय 12 केला, तर बाजू दुप्पट झाल्या, कागद मात्र चौपट लागला. आणि दोन्ही बाजू पाऊणपट केल्या, तर कागद सोळापैकी नऊ भाग, म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त. म्हणून नुसते 'फोटो दुप्पट करा' असे सांगितले, तर समोरच्याने 'बाजू की कागद?' असे विचारले पाहिजे.