वारा, माती आणि कोरडं रान

प्रश्न : दोन हंगाम पेर झाली नाही. रोटाव्हेटर मारून रान भुसभुशीत ठेवलं होतं. आता वारा सुटला की मातीचा लोट उठतो. पाऊस येईस्तोवर काय करावं?

उत्तर : रान भुसभुशीत केलं, तिथेच गणित चुकलं. सुमारे १ मिमीहून मोठं ढेकूळ वारा सहसा हलवू शकत नाही. सगळ्यात उपद्रवी कण ०.१ ते ०.५ मिमीचे. ते उड्या मारत पुढे जातात, बहुतेक गुडघ्याच्या खालीच, आणि आपटताना आणखी माती सुटी करतात. आभाळात चढते ती बारीक धूळ या माऱ्यातूनच निघते. म्हणूनच वाऱ्याकडची कड सुटली की पुढचं रान झपाट्याने उडू लागतं.

सुरुवात त्या कडेपासूनच करा. चिझल नांगराचे (माती न पलटता खोल चिरणारा नांगर) अरुंद फाळ लावून वाऱ्याला आडवे तास काढा. फाळ जरा ओल लागेल इतका खोल जाऊ द्या. ढेकळं तिथूनच निघतात. ट्रॅक्टर दामटला तर तीच ढेकळं फुटतात. आधी पट्टे सोडून तास काढा, म्हणजे पहिले तास मातीने बुजले की मधल्या पट्ट्यात नवे काढता येतील. वाळूसर रानात मात्र हा उपाय फार दिवस टिकत नाही. तिथे काड किंवा शेणखत पसरून वरून जरा दाबून घ्यावं, नाहीतर काडही उडून जातं.

पुढच्या कापणीला धसकटं ३० सेमी उभी सोडा. आडव्या पडलेल्या काडापेक्षा उभं धसकट वारा जास्त मोडतं.

अमेरिकेच्या दक्षिण मैदानांत १९३० च्या दशकात हेच झालं : गवताळ रान मोडून गहू केला, तव्याच्या नांगरांनी माती पीठ झाली आणि पाऊस हटला. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाला तिथे ‘काळा रविवार’ म्हणतात. मृदसंधारणाचा कायदा त्यानंतर तेरा दिवसांत झाला.

प्रश्न : बांधावर झाडं लावावीत की सरळ भिंत घालावी?

उत्तर : झाडं. भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे घालत खाली येतो. निम्मा वारा गाळून जाऊ देणारी रांग झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा देते. रांगेत खिंडार ठेवू नका. त्यातून वारा उलट जोराने घुसतो.

प्रश्न : धुळीत ट्रॅक्टरचा एअर फिल्टर रोज झटकून साफ करतो. तरी इंजिनाची ताकद कमी झाली.

उत्तर : बहुधा झटकण्यानेच! आपटल्याने कागद फाटतो, रबराची कड वाकते आणि धूळ थेट सिलिंडरपर्यंत पोचते. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा दर्शक लाल झाला तरच फिल्टर काढा. कॉम्प्रेसरच्या हवेचा दाब २ बारच्या आत ठेवून ती आतून बाहेर मारा, मग आत दिवा धरून पाहा. उजेडाचा एकही ठिपका दिसला तर तो टाकून द्या. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. पाइपाचे क्लॅम्पही तपासा, सैल क्लॅम्पमधून न गाळलेली हवा आत जाते.