हॅड्रोकोडियमला उंदीर म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : एका लेखात हॅड्रोकोडियम या जीवाश्माचा उल्लेख ‘आद्य सस्तन उंदीर’ असा केलाय, तो बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावं?

‘उंदीर’ आधी खोडा. हा प्राणी चीनच्या युन्नान प्रांतातल्या लुफेंगचा, सुमारे १९.५ कोटी वर्षांपूर्वीचा. उंदरांचं घराणं त्यानंतर १३ कोटींहून जास्त वर्षांनी उगवलं. शिवाय उंदीर कुरतडतो. याचे दात किडे खाणाऱ्याचे. उपमा हवीच असेल तर चिचुंद्री घ्या. तीही उंदीर नव्हेच, रात्री भिंतीच्या कडेकडेनं पळत झुरळं टिपणारी. मात्र ‘चिचुंद्रीसारखा’ लिहा, नुसतं ‘चिचुंद्री’ नको. याच्यापुढे तीसुद्धा हत्तीच : याची कवटी जेमतेम १२ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढी, आणि वजन अंदाजे २ ग्रॅम.

आता ‘सस्तन’. स + स्तन, म्हणजे स्तन असलेला. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये सस्तनांना दिलेल्या ‘मॅमेलिया’ या नावातही स्तनच आहेत. पण प्लॅटिपसला स्तनाग्रं नसतात, दूध कातडीवर पाझरतं आणि पिल्लं ते चाटतात; तरी तो सस्तनच! दगडात तर स्तनही उरत नाहीत आणि दूधही. म्हणून अभ्यासक जबडा आणि कान बघतात. शाळेत पाठ केलेली कानातली हाडं हातोडी, ऐरण, रिकीब आठवतात? त्यातल्या पहिल्या दोघींच्या जागची हाडं सरड्याच्या जबड्याच्या सांध्यात असतात. हॅड्रोकोडियममध्ये ती सस्तनांसारखीच जबड्यापासून सुटली होती, असं त्याचं २००१ मध्ये वर्णन करणाऱ्या ल्वो आणि सहकाऱ्यांचं तेव्हा म्हणणं होतं. तरीही बहुतेक अभ्यासक त्याला सस्तनांच्या उंबरठ्याबाहेरच ठेवतात : भाऊबंद, पण घरातला नव्हे.

अशा भाऊबंदांसाठी मी ‘सस्तनाभ’ लिहितो. गोलाभ म्हणजे गोलासारखा, पण गोल नव्हे, तसंच हे. ‘आद्य सस्तन’ म्हटलं की तो घरात शिरतो. ‘सस्तनसदृश’ चालेल, पण बोलताना जीभ अडखळते.

‘हॅड्रोकोडियम’ या नावाचा अर्थ ग्रीकमध्ये ‘भरगच्च डोकं’, कारण देहाच्या मानानं मेंदू मोठा. मराठीत ‘डोकेबाज’ करायचा मोह होतो, पण त्याला लबाडीचा वास आहे. ‘थोराड डोक्याचा’ बरं.

लिंगाचं म्हणाल तर स्टेडियम, रेडियमच्या चालीवर ‘ते हॅड्रोकोडियम’. आपल्या सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून ज्या खडकथरांना नाव मिळालं, त्यांतल्या ‘कोटाथेरियम’ या जीवाश्मालाही तोच नियम.