तिची गाडी चुकू नये म्हणून

प्रिय लेकरा,

रात्री दीडला टाकलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. फोनवर हे नीट बोलणं होणार नाही, म्हणून लिहायला बसलो. तिनं नाही म्हटलं आणि दोन दिवस तुझा डबा तसाच परत जातोय, हे वाचून जीव कळवळला. आवडलेल्या माणसानं नको म्हटलं की दुखतंच. विचारलंस त्यात काही चुकलं नाही, नीट विचारलंस.

पण पुढं तू लिहिलंस, "सर, ती हसून नाही म्हणाली, म्हणजे अजून चान्स आहे ना?" या वाक्याशी मी अडलो. अरे, समोरचा चिडला तर काय करील याचा अंदाज नसतो, म्हणून किती पोरी हसून नाही म्हणतात. अभ्यासिका एकच, जिना एकच, रात्री नऊला रूमवर एकटीनं जायचं. ते हसणं तिनं स्वतःला सांभाळायला आणलेलं असतं. त्यातला 'नाही' तेवढा खरा धर.

"का?" असंही विचारू नकोस. जात आडवी येत असेल, घरचा धाक असेल, परीक्षा असेल, किंवा तू तिला तसा आवडत नसशील. कुठलंही कारण पुरे आहे. तिनं कारण सांगितलं की आपण ते खोडून काढायला बसतो आणि तिला पुन्हा पुन्हा नाही म्हणावं लागतं. एकदाच लिही, "स्पष्ट सांगितलंस, बरं झालं. मी हा विषय पुन्हा काढणार नाही." उत्तराची वाट बघू नकोस. तिला दिसावेत म्हणून स्टेटसला दुःखाचे शेर नकोत, मैत्रिणीच्या हाती निरोप नकोत.

रूमवरचे मित्र तिला 'वहिनी' म्हणतात, असं तू मागं सांगितलं होतंस. ते आजच बंद कर. जिन्यात कुणी मोठ्यानं तुझं नाव घेतलं, ते कुणा गाववाल्यानं ऐकलं, की गोष्ट तिच्या घरी पोचली. पोरीमागं कुणीतरी आहे एवढं कानावर आलं तरी आपल्या भागात कितीक घरं तिला परत बोलावून घेतात आणि तुळशीचं लग्न झालं की तिचं उरकून टाकतात. चूक कुणाची, हे कुणी विचारत नाही. मी मास्तरकीत अशा रिकाम्या झालेल्या जागा पाहिल्यात. तुझं दुःख हळूहळू ओसरेल, तिचं सुटलेलं शिक्षण पुन्हा जुळणं फार अवघड.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगतो. 1987 साली मी परभणीला शिकत होतो. वर्गातली एक मुलगी गंगाखेडहून सकाळच्या रेल्वेनं यायची. तिनं मला नाही सांगितलं. त्यानंतर मी एक शब्द बोललो नाही, चिठ्ठी दिली नाही. रोज स्टेशनावर जाऊन उभा मात्र राहायचो, आणि हेच प्रेम असं मला वाटायचं. पंधरा दिवसांत ती त्या गाडीनं यायची थांबली. एसटीनं यायला लागली. एसटी उशिरा पोचायची आणि तिचा पहिला तास बुडायचा. वर्ष संपताना तिची मैत्रीण मला म्हणाली, "तुझ्यामुळं सोडली तिनं गाडी. भेव वाटायलंय तिला." माफी मागायला जावं, तर ते पुन्हा तिच्या वाटेत जाऊन उभं राहणंच झालं असतं. गेलो नाही. ती सल अजून आहे.

म्हणून सांगतो, वेळ बदलायची तर तू बदल. सकाळची बॅच घे, नाहीतर औरंगपुऱ्यातच दुसरी अभ्यासिका बघ. तिला काही बदलावं लागू नये.

कायदा तर तुला अभ्यासालाच आहे. पाठलाग हा गुन्हा 2013 मध्ये दंड संहितेत आला, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. बाईनं नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क करणं, ती इंटरनेटवर काय करते यावर नजर ठेवणं, हे सगळं त्यात येतं. पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत कैद. पण तुरुंगाला भिऊन थांबलास तर मला वाईट वाटेल. तिच्यासाठी थांब.

रडू येईल तेव्हा रड. "तुझ्याशिवाय जगणार नाही" असं तिला चुकूनही लिहू नकोस, ते ओझं तिच्या डोक्यावर ठेवायचा तुला अधिकार नाही. तसं काही खरंच मनात यायला लागलं, तर रात्री दोनलाही मला उठव. माझा फोन लागला नाही, तर 14416 वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेची माणसं चोवीस तास असतात, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

शनिवारी गावाकडं ये. सोयाबीनची कोळपणी राहिलीय, असं तुझे वडील परवा म्हणत होते. दिवसभर कोळपं धर, रात्री झोप लागेल. रविवारी अंबाजोगाईला ये, मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत चालत जाऊ. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर नुसतं चालू. काकू धपाटे करून ठेवणार आहे.

तुझा,
सर