वाचकांचे प्रश्न : माकडाच्या मुखवट्यामागचा महापौर

प्रश्न : इंग्लंडमधल्या हार्टलपूलमध्ये फुटबॉल क्लबचं माकड होऊन नाचणारा माणूस महापौर झाला म्हणतात. हे खरं का? आणि मतमोजणीत असं घडतं कसं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अगदी खरं. हार्टलपूल हे ईशान्य किनाऱ्यावरचं, टीज नदीच्या मुखाजवळचं बंदर. कोळसा, जहाजबांधणी आणि पोलादावर वाढलेलं. नेपोलियनच्या काळात फुटलेल्या फ्रेंच जहाजातून एक माकड किनाऱ्याला लागलं आणि इथल्या कोळ्यांनी त्याला हेर समजून फासावर चढवलं, अशी दंतकथा आहे. पुरावा काही नाही. शेजारच्या गावांनी त्यावरून ‘माकडाला फाशी देणारे’ म्हणून हिणवलं, तर हार्टलपूलने तेच नाव अभिमानाने मिरवलं. क्लबच्या शुभंकर माकडाचं नाव ‘हँगस’ : हँग म्हणजे फाशी, अँगस हे माणसाचं नाव.

त्या वेशातले स्टुअर्ट ड्रमंड मे २००२ मध्ये अपक्ष उभे राहिले. वय २८, घोषणा ‘शाळकरी मुलांना फुकट केळी’. महापौर थेट जनतेतून निवडायचा होता आणि मतपत्रिकेवर दोन रकाने होते, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. पहिल्या पसंतीत कोणी निम्म्याच्या वर गेलं नाही, तर वरचे दोघे उरत, बाकीचे बाद होत आणि बाद झालेल्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती या दोघांपैकी ज्याला असेल त्याच्या खात्यात जाई. दुसरी पसंतीही बाद उमेदवारालाच दिली असेल, तर ते मत पुढच्या मोजणीत धरलं जात नसे. दोन्ही रकान्यांत एकाच नावापुढे खूण केली तरी मत एकच. मोठ्या पक्षांवर रागावलेल्या मतदाराला त्यामुळे निर्धास्तपणे अपक्षाकडे वळता येई. ड्रमंड मजूर पक्षाच्या उमेदवाराच्या सुमारे सहाशे मतं पुढे राहिले. याला नुसती थट्टा म्हणणं गावावर अन्याय होईल, कारण याच मतदारांनी त्यांना २००५ आणि २००९ मध्येही निवडून दिलं.

प्रश्न : मग आज तिथे महापौर कोण? बातम्यांत ‘टीज व्हॅलीचे महापौर’ असंही येतं. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तिथे थेट निवडलेला महापौर आता नाही. १५ नोव्हेंबर २०१२ च्या सार्वमतात ७,३६६ मतं समिती पद्धतीच्या बाजूने पडली, ५,१७७ महापौर ठेवण्याच्या. मे २०१३ पासून ते पद गेलं. महापौर असताना त्याचा अर्थसंकल्प बदलायला सभागृहात दोन तृतीयांश मतं लागत. म्हणजे साधं बहुमत हाती असूनही नगरसेवकांचे हात बांधलेले. आता नगरसेवकांच्या समित्या ठरवतात. प्रभाग १२, प्रत्येकी तीन, असे ३६ नगरसेवक. एकतृतीयांश जागांची निवडणूक होत राहते, त्यामुळे एका मतदानात सगळी सत्ता सहसा उलटत नाही. समारंभापुरता महापौर वेगळा.

टीज व्हॅलीचे महापौरपद मात्र निराळं आहे. हार्टलपूलसह पाच पालिकांच्या संयुक्त प्राधिकरणाचं ते पद, पहिली निवडणूक २०१७ ची. वाहतूक, उद्योगवाढ, प्रौढांचं कौशल्य शिक्षण त्यांच्याकडे. कचरा, शाळा, वृद्धांची देखभाल पालिकेकडे. कचरा उचलला नाही म्हणून टीज व्हॅलीच्या महापौरांकडे तक्रार केली, तर उपयोग शून्य.

प्रश्न : हार्टलपूल युनायटेड हा फुटबॉल क्लब सतत तळाला असूनही टिकला कसा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : क्लब १९०८ चा. १९८६ पर्यंत फुटबॉल लीगच्या तळच्या क्लबांना आपोआप खाली ढकलत नसत. त्यांनी अर्ज करायचा आणि बाकीच्या क्लबांनी मतदान करून ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं. हार्टलपूलवर ही वेळ १४ वेळा आली आणि चौदाही वेळा क्लब तगला. पुढे इंग्लंडभर गाजलेले ब्रायन क्लफ यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द १९६५ मध्ये इथेच सुरू झाली. १९८७ पासून मतदान संपलं, शेवटचा क्लब थेट बाहेर. २००३ पासून शेवटचे दोन. २०१७ मध्ये हार्टलपूल असाच बाहेर पडला, २०२१ मध्ये ब्रिस्टलच्या अंतिम सामन्यात टॉर्कीला पेनल्टींवर हरवून परतला, २०२३ मध्ये पुन्हा गेला. परतणं अवघड, कारण फुटबॉल लीगच्या लगेच खालच्या नॅशनल लीगच्या २४ क्लबांतून वर जातात दोनच : विजेता थेट, आणि दुसऱ्या ते सातव्या क्रमांकांच्या बाद फेरीतला एक.

प्रश्न : मुंबईत बांधलेलं जहाज तिथे आहे का? (एक वाचक, लंडन)

उत्तर : आहे, आणि मराठी माणसाने ते पाहायलाच हवं. एचएमएस ट्रिंकोमाली ही फ्रिगेट, म्हणजे शिडांची चपळ युद्धनौका, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. लाकूड मलबारी साग. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागातलं तेल त्यांना जपतं. शिवाय इंग्लंडात ओकची टंचाई होती. हार्टलपूलच का? एचएमएस वॉरियर या दुसऱ्या जुन्या युद्धनौकेची डागडुजी याच गावात होऊन ती १९८७ मध्ये पोर्ट्समथला गेली. कसबी सुतार-लोहार इथेच होते, म्हणून ट्रिंकोमाली त्याच वर्षी इथे आणली आणि २००१ मध्ये काम पुरं झालं. तरंगत्या ब्रिटिश युद्धनौकांत ती सर्वांत जुनी.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून ग्रँड सेंट्रलची सुंदरलँडला जाणारी गाडी धरा, ती हार्टलपूलला थांबते. सामने बहुधा शनिवारी दुपारी तीनला. सकाळी जहाज पाहावं, मग व्हिक्टोरिया पार्क मैदान; दोन्ही स्थानकापासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत.