फोनवरची मुलाखत झाली, आता मेल करावा का?

चार दिवसांपूर्वी टेलिफोनिक राउंड झाला, 'कळवतो' म्हणाले, आता मेल केला तर उतावळेपणा वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही वाटणार. करा. फक्त 'एनी अपडेट?' एवढंच लिहून पाठवू नका.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीसाठी डेटा अ‍ॅनालिस्टची मुलाखत दिली ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून. जागेवर बसून बोलणार कसं? डेटाबेसमधून माहिती काढायच्या एसक्यूएल या भाषेतल्या 'व्हेअर' आणि 'हॅविंग'मधला फरक विचारला आणि मी ततपप केलं. फोन ठेवला, चार पायऱ्या चढले आणि उत्तर आठवलं! रात्री मेल लिहिला. वेळ दिल्याबद्दल आभार, आणि 'तो प्रश्न माझ्याकडून अर्धवट राहिला. ग्रुप करण्याआधी ओळी गाळायच्या तर व्हेअर, ग्रुप झाल्यावर त्याच्या बेरजेवर अट घालायची तर हॅविंग.' बस. पुढच्या राउंडला तेच सर होते. "गूगल केलंत ना?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही सर, जिन्यात आठवलं."

आता असे फोन मीच घेते. दिवसात पाच-सहा जणांशी बोललं की कोण काय म्हणालं याची सरमिसळ होते, चेहरा तर दिसलेलाच नसतो. म्हणून मेलमध्ये त्या दिवशीच्या बोलण्यातली एक तरी खूण हवी. ज्या मेलवर मुलाखतीची वेळ कळवली होती, त्यालाच रिप्लाय करा. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर आधी तिथे विचारा, परस्पर लिहिलेलं त्यांना खटकतं. रात्री दहाला एचआरला व्हॉट्सअ‍ॅप नको.

उत्तर नाही आलं म्हणजे नकारच, असंही नसतं. बऱ्याचदा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते, त्याचा ९० दिवसांचा नोटिस पिरियड असतो, आणि तो येतो की नाही हे कळेपर्यंत दुसऱ्याला ना हो म्हणतात ना नाही. हा प्रकार मला आवडत नाही, पण चालतो. म्हणून आठवड्याने आणखी एक मेल टाका, मग तो विषय सोडून दुसरीकडे अर्ज करत राहा. हातात नसलेल्या ऑफरची धमकी मात्र देऊ नका, समोरचा 'अभिनंदन' म्हणून मोकळा होतो.

आणि मेलखाली मोबाइल नंबर लिहा. एकीला बोलवायचं ठरलं तेव्हा तिचा नंबर शोधण्यात माझा अख्खा लंच ब्रेक गेला होता.