चेंडू कानाशी येतो तेव्हा

शाळा सुरू झाल्या की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बदलतो. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिलमध्ये शिबिरं आणि जूनपासून 'लेव्हल'. अबॅकसची लेव्हल, पोहण्याची बॅच, बुद्धिबळाचा गट. अलीकडे त्यात टेनिसची भर पडली आहे. बाणेर-बालेवाडीकडून येणारे पालक तर हमखास विचारतात, "मॅडम, याला खालच्या बॅचला टाका म्हणतायत. मागे नाही ना पडणार?"

हे इतक्या वेळा ऐकलंय की एका घराची गोष्ट सांगून टाकते. नावं आणि काही तपशील बदलले आहेत. बैठका सात झाल्या, इथे त्यातलं मोजकंच.

निहार आठ वर्षांचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी साडेचारला त्याचं पोट दुखायचं. सोमवारी, बुधवारी काही नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, सोनोग्राफीसुद्धा केली आणि मग माझं नाव सुचवलं. आई-बाबा दोघं आले. बाबा खुर्ची टेबलाशी ओढून बसले. चोवीस वर्षांच्या कामात एवढं कळलंय, की खुर्ची पुढे ओढणारे पालक उत्तर घेऊनच आलेले असतात. त्यावर फक्त माझी सही हवी असते.

"वर्षभर ऑरेंज केलं त्यानं," बाबा म्हणाले. "आमच्याच सोसायटीतला त्याच्या वर्गातला मुलगा पिवळ्या बॉलवर खेळतो. म्हणून मी क्लब बदलला, यालाही पिवळ्यात घातला. आता दोन महिन्यांनी नवे कोच म्हणतात, परत ऑरेंजला आणा. म्हणजे वर्ष वाया गेलं ना?"

ज्यांना या रंगांची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लहान मुलांसाठी टेनिसचे चेंडू तीन प्रकारचे मिळतात. लाल सगळ्यात संथ, त्याचं कोर्ट जेमतेम 11 मीटर लांब. मग नारिंगी, 18 मीटरचं कोर्ट. मग हिरवा, पूर्ण 23.77 मीटरचं कोर्ट, पण चेंडू अजून जरा मऊ. त्यानंतर आपण टीव्हीवर पाहतो तो पिवळा. म्हणजे निहारनं हिरवी पायरी गाळलीच होती. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा तर 2012 पासून नियमच आहे, की दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आयुष्यात रॅकेट धरली ती फक्त डासांची.

मला कळलं ते निहारकडून. दुसऱ्या बैठकीत तो एकटाच होता, माझ्याकडच्या ठोकळ्यांचा मनोरा रचत बसला होता. टेनिसचा विषय मी काढलाच नाही. त्याच्या आईनं त्याची उंची मापल्याची खूण भिंतीवर आहे, एवढ्यावरून गप्पा चालल्या होत्या.

"किती भरली रे उंची?"

"एकशे चोवीस. पण बॉल इथे येतो." त्यानं हाताची कड कानाला लावली. मग जरा विचार करून हात आणखी वर, केसांच्या वर नेला. "कधीकधी इथे."

"मग तू काय करतोस?"

"मागे जातो. कोर्टामागच्या जाळीपर्यंत. तिथून मारला की नेटमध्ये जातो. मग सगळे थांबतात आणि मी बॉल गोळा करतो."

पुढच्या आठवड्यात त्या कोचना फोन केला, आईबाबांच्या परवानगीनं. कोच मितभाषी, पण माहीतगार. चेंडू तपासायची पद्धत त्यांनी सांगितली: 254 सेंटिमीटरवरून सिमेंटवर सोडायचा आणि किती उसळतो ते बघायचं. पिवळा 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे. नारिंगी 105 ते 120. मी कागदावर एक रेघ मारली, 124 ची, आणि दोन्ही आकडे तिच्या वर-खाली लिहिले. पोटदुखीची केस इतक्या स्वच्छपणे कागदावर मांडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

तो कागद बाबांपुढे ठेवला की काम झालं, असं मला वाटलं होतं. चुकलंच. बाबांनी तो नीट वाचला. इंजिनिअर माणूस, आकड्यांशी वाद घालणार नाही. म्हणाले, "बरोबर आहे. पण त्यानं जमवायलाच पाहिजे. मोठ्यांबरोबर खेळूनच पोरगं तयार होतं. खाली गेला की खालचाच होऊन बसेल."

माझ्या कामाचा पाया मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांचा आहे, म्हणजे 'हवं' चं 'हवंच' कुठे झालं ते शोधण्याचा, आणि तो मी लपवत नाही. मराठी माणसाबरोबर ही पद्धत वापरायला फार सोयीची, कारण आपल्याकडे 'च' आहे. इच्छेचा हट्ट कुठे झाला ते एका अक्षरात पकडता येतं. बाबांच्या तीन वाक्यांत तीन 'च' होते. एरवी मी लगेच विचारते, 'हे कुठल्या नियमात लिहिलंय?' त्या दिवशी नाही विचारलं. तिसरं वाक्य बोलताना त्यांचा आवाज बदलला होता. तो निहारच्या बाबांचा आवाज वाटेना, कुणा लहान मुलाचा वाटला.

"तुम्ही स्वतः मोठ्यांबरोबर वाढलात का?" मी विचारलं.

ते हसले. "तसंच म्हणा. माझी जन्मतारीख 1 जून."

मराठी वाचकाला पुढचं सांगायला नकोच. गावोगावच्या गुरुजींनी 1 जूनला जन्माला घातलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. यांचं गाव कळंब तालुक्यात. कागदावर 1 जून 1982, आणि आई म्हणते 1983 च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. गुरुजींना पट भरायचा होता, चुलतभाऊ शाळेत निघाला होता, त्याच्याबरोबर यांनाही धाडलं. पावणेपाच वर्षांचं पोर सहा वर्षांचं म्हणून पहिलीत बसलं.

"काही अडलं नाही," ते म्हणाले. "दहावीला केंद्रात पहिला आलो."

"आणि खेळात?"

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बायको त्यांच्याकडे बघत होती. तिलाही हे नवीन असावं. ते बोटांनी टेबलावरच्या कागदाची कड सरळ करत राहिले.

"खो-खोला गुण लिहायचो," शेवटी म्हणाले. "दहावीपर्यंत. अक्षर चांगलं म्हणून."

मी गप्प राहिले. ही माझ्या कामातली सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारी जागा. इथे शहाणपणाचं एक वाक्य टाकायचा मोह होतो आणि ते टाकलं की सगळं मुसळ केरात. अर्ध्या मिनिटानं ते स्वतःच म्हणाले, "तो बॉल गोळा करतो म्हणाला ना?"

"हो."

"मी वही धरून उभा असायचो."

मला वाटत होतं, बापाला मुलगा पुढे जायला हवाय. खरं तर आपण वर्गात सगळ्यांत लहान होतो त्याचं काही नुकसान झालं नाही, हे त्यांना मुलाकडून सिद्ध करून हवं होतं. निहारला ऑरेंजला परत नेणं म्हणजे नुकसान झालं होतं अशी कबुली. ती एकदा दिल्यावर उरलेल्या दोन बैठकांत फक्त व्यवहाराच्या गोष्टी झाल्या.

त्या व्यवहाराच्या गोष्टी सगळ्यांच्या कामाच्या आहेत. मुलाच्या बॅचचं नाव विसरा, कोर्टाच्या कडेला पंधरा मिनिटं उभे राहा. फोन खिशात ठेवून. संथ चेंडूंवर टेनिस शिकवण्याच्या महासंघाच्या उपक्रमाचं घोषवाक्य तीन शब्दांचं आहे: सर्व्ह, रॅली, स्कोअर. या तिन्ही गोष्टी ज्या चेंडूवर मुलाला थोड्याफार जमतात, ती त्याची लेव्हल. चेंडू कमरेच्या आसपास मारता येतोय का, की दर वेळी खांद्यावरून झोडपावा लागतोय? समोरच्याशी चार-सहा चेंडूंची देवाणघेवाण होते का? मूल मारण्यापेक्षा गोळाच जास्त करत असेल तर फीचे पैसे तुम्ही वाकण्याच्या व्यायामाचे भरताय. आणि रॅकेट 'वाढत्या अंगाची' घेऊ नका. ते शाळेच्या गणवेशाला ठीक. आठ वर्षांच्या मुलाला साधारण 23 ते 25 इंची पुरते, मोठ्यांची 27 इंची त्याच्या मनगटाला जड.

उलटंही होतं बरं का. नऊ वर्षांची एक मुलगी आईच्या काळजीपोटी लाल चेंडूवर अडकली होती, सहा वर्षांच्या पोरांत. ती कंटाळून चेंडू मुद्दाम भिंतीपार मारायची आणि 'लक्ष लागत नाही' म्हणून माझ्याकडे आली. तिला दोन बैठका पुरल्या, आईला नऊ लागल्या.

लेव्हल बदलताना मुलाला काय सांगायचं, हे निहारच्या आईनं विचारलं होतं. 'खाली' हा शब्द घरात बंद करा, एवढंच मी सांगितलं. मोठं व्याख्यान नको. "या चेंडूवर तुला रॅली करता येते, म्हणून हा." वर कधी जायचं हे कोच ठरवतील, तुम्ही त्यांना दर तीन महिन्यांनी एकदा विचारा, दर शनिवारी नको. आणि सोसायटीतला तो मुलगा? पाहिलं तर तो निहारपेक्षा दहा महिन्यांनी मोठा आणि डोक्यानं उंच होता. आठव्या वर्षी दहा महिने म्हणजे फार मोठं अंतर. हे सांगायला मला पोळ्याचं उदाहरण द्यावं लागलं नाही.

पोटदुखी दुसऱ्या महिन्यात थांबली. नोव्हेंबरमध्ये बाबांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता हिरव्या चेंडूचा प्रश्न. पण त्यांना दुसरंच विचारायचं होतं. कोच सकाळी सहाला मोठ्यांची बॅच घेतात, त्यात बाबांनी स्वतःचं नाव घातलं होतं. वय बेचाळीस, कागदावर त्रेचाळीस.

"पहिल्याच दिवशी त्यांनी मला नारिंगी बॉल दिला, मॅडम," ते म्हणाले. "मोठ्या माणसाला चालतो का हो?"

"चालतो. नवशिक्या मोठ्यांनाही तोच देतात."

"सहा चेंडूंची रॅली झाली काल," ते म्हणाले. मग मागे कुणीतरी काहीतरी ओरडलं. "निहार म्हणतोय सहा नाही, पाच. तो मोजत होता."